चित्रातला देवदूत ओळखावा कसा?

रेनेसाँ काळातल्या इटालियन धार्मिक चित्रांत देवदूतांची ओळख पटते ती त्यांच्या हातातल्या वस्तूंवरून, पोशाखावरून आणि पंखांवरून.

• गॅब्रिएल : येशूच्या जन्माची वार्ता मेरीला देणारा. हातात बहुधा पांढरी लिली, मेरीच्या पावित्र्याची खूण. लिओनार्दोच्या १४७२च्या सुमाराच्या चित्रात (उफिझी, फ्लॉरेन्स) त्याचे पंख खऱ्या पक्ष्यावरून बेतलेले आहेत. पुढे दुसऱ्याच कुणीतरी ते रंगवून लांबवले.

• मायकेल : चिलखत, तलवार, कधी आत्मे तोलणारा तराजू. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या चित्रात (नॅशनल गॅलरी, लंडन) त्याच्या एका हातात रक्ताळलेली तलवार आहे, दुसऱ्यात सर्पाचं तोडलेलं मुंडकं. चेहरा मात्र विलक्षण शांत.

• राफाएल : तरुण तोबियासचा वाटाड्या. तोबियासच्या हातात मासा असतो. त्याच माशाच्या पित्ताने त्याच्या आंधळ्या वडिलांना दृष्टी मिळते.

• सेराफिम आणि केरुबिम : बऱ्याचदा नुसतं डोकं आणि पंख. परंपरेने सेराफिम लाल, केरुबिम निळे.

• पंखवाली बालकं : प्राचीन रोमन कलेतून आलेली. चित्रकार राफाएलच्या ‘सिस्टिन मॅडोना’मध्ये (१५१२-१३, ड्रेस्डेन) तळाच्या कठड्यावर रेललेली दोघं जगभर लाडकी झाली. त्यांची वर लागलेली नजर आपल्यालाही मेरीकडे नेते, म्हणून ती अख्ख्या चित्रातच पाहावीत.