वाडीतला लसूण : दोन वाफे, तीन वाण

धानाची कापणी आणि लसणाची लागवड ही दोन कामे आपल्या भंडारा जिल्ह्यात नेमकी एकमेकांच्या अंगावर येतात. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापला जातो, भारी धानाच्या मागे नोव्हेंबर सरतो. आणि लसणाला मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मातीत जावे लागते. घरातली सगळी माणसे बांधीत राबत असताना वाडीकडे पाहायला सवड कुणाला? लसूण राहून जातो. मग वर्षभर आठवडी बाजारातून पाव-पाव किलो विकत आणावा लागतो आणि भाव काय असेल तो मुकाट्याने द्यावा लागतो.

हा भाव कुठवर जातो, ते 2024 साली सर्वांनी पाहिले. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत अनेक शहरांत किरकोळ बाजारात लसूण किलोला 400 रुपयांवर गेला होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, 2022 साली, मध्य प्रदेशात मंदसौरकडच्या शेतकऱ्यांना हाच लसूण मातीमोल भावाने द्यावा लागला. काहींनी तो फेकून दिला. तेव्हा भाव ऐकून एकरभर लसूण लावावा असे आम्ही कुणालाही सुचवणार नाही. घरापुरता लसूण घरीच व्हावा, एवढीच या लेखाची मर्यादा.

घरापुरता म्हणजे किती? पाच माणसांच्या घरात रोज एक मध्यम गड्डा लागतो असे धरा. वर्षाचे सात किलो झाले. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा एका वाफ्यात, जमीन बरी असेल आणि निगा राखली, तर पाच किलो वाळलेला लसूण निघायला हरकत नाही. म्हणजे दोन वाफे झाले की घरचा खर्च भागून पुढच्या वर्षाचे बेणेही उरते. एवढी जागा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवरसुद्धा निघते. फक्त साबणाचे पाणी थेट वाफ्यात सोडू नये.

आता वाणांविषयी, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. लसणाला आपल्याकडे बी धरत नाही. पाकळी लावायची आणि तिच्यापासून गड्डा घ्यायचा. (पाकळीला कोणी कळी म्हणतात, कोणी कुडी, अर्थ एकच.) त्यामुळे जे लावाल तेच उगवेल. वाण टिकवायचा तर गड्डाच टिकवावा लागतो. तो खाऊन संपवला की वाण घरातून गेला. पुष्कळ घरांतला आजीच्या वेळचा बारीक पाकळीचा गावरान लसूण असाच गेला आहे. कुठे पाऊस लागला, कुठे लग्नघरी गड्डे संपले, कुठे भाव चढला म्हणून बेणेच बाजारात गेले. तुमच्या गावात एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या वाडीत तो अजून असेल, तर चार गड्डे मागून आणा. बदल्यात शेरभर लाखोरीची डाळ द्या, ती आनंदाने देईल.

पांढऱ्या वाणांत ॲग्रीफाउंड व्हाइट, म्हणजेच जी-41, आणि यमुना सफेद-3, म्हणजे जी-282, ही नावे ऐकू येतात. हे वाण राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानने दिलेले. पहिल्याचा गड्डा घट्ट, चांदीसारखा पांढरा, पाकळ्या वीस-पंचवीस. दुसऱ्याचा गड्डा मोठा आणि पाकळ्या पंधरा-सोळाच, म्हणून सोलायला सोपा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने श्वेता हा पांढरा आणि गोदावरी हा जांभळट झाक असलेला वाण दिला. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तेथला भीमा ओंकार पांढरा, भीमा पर्पल जांभळ्या सालीचा. भीमाचे हे दोन्ही वाण साधारण चार-साडेचार महिन्यांत निघतात, गोदावरीला थोडे दिवस जास्त लागतात.

यांतला कोणता घ्यावा? आमचे मत असे की पहिल्या वर्षी एकच घेऊ नये. एक पांढरा, एक जांभळा आणि मिळाला तर आपला गावरान, असे तीन थोडे थोडे लावावेत. आपल्या वाडीतली माती, आपले पाणी आणि आपल्या घरातली हवा यांत कोणता टिकतो, हे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. ठेच्याला जांभळा लसूण जास्त झोंबतो असे जाणत्या बाया सांगतात. ज्याच्या त्याच्या जिभेने ठरवावे. बेणे कृषी विज्ञान केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहूनच मागवावे, आणि ते सप्टेंबरातच मागवावे. कापणी सुरू झाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

बाजारातला मोठ्या पाकळीचा, डोळ्यांत भरणारा लसूण पाहून तोच लावायचा मोह होतो. येथे थांबा. असा लसूण बऱ्याचदा हिमाचलसारख्या डोंगराळ भागातला असतो. ॲग्रीफाउंड पार्वती, म्हणजे जी-313, हा त्याच जातीतला. त्या वाणांना गड्डा धरायला मोठा दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. तो लसूण येथे उगवेल, पात हिरवीगार दिसेल, शेजारीण कौतुकही करेल, पण मार्चमध्ये उपटाल तेव्हा खाली कांद्याच्या पातीसारखी जाड मान निघेल, गड्डा नाही.

एककळी लसणाबद्दलही नेहमी विचारणा होते. औषधी म्हणून तो महाग विकला जातो आणि पुष्कळांना वाटते की तो एक वेगळाच वाण आहे. बहुतेक वेळा तसे नसते. फार बारीक पाकळी लावली, लागवड उशिरा झाली किंवा पुरेशी थंडी मिळाली नाही, की झाडाला गड्ड्याच्या पाकळ्या पाडायला जमत नाही आणि एकच गोल गाठ तयार होते. तुमच्या वाफ्यात असे गोळे निघाले तर टाकू नका, खायला ते चांगलेच. पुढच्या वर्षी तेच वेळेवर लावले तर त्यांतून बहुधा पाकळ्यांचा गड्डा मिळतो.

जमिनीचे पाहू. आपल्याकडे कन्हार, मोरंड, सिहार, खरडी अशा नाना तऱ्हा. लसणाला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. चौरासच्या काळ्या कन्हारीत लसूण पोसतो, पण पाणी साचले की सडतो आणि माती आवळली की गड्डा वेडावाकडा होतो. अशा ठिकाणी वाफा सहा बोटे उंच करावा आणि त्यात चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. एका वाफ्याला दहा-बारा किलो, म्हणजे एक मोठी टोपली. कच्चे शेण नको, त्याने वाळवी आणि हुमणी येते. लसणाचा उग्रपणा गंधकातून येतो. म्हणून मूठ-दोन मूठ सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळले तर स्फुरदाबरोबर थोडे गंधकही मिळते.

लावायच्या दिवशीच गड्डा फोडावा, आधी फोडून ठेवू नये. बाहेरच्या भरदार पाकळ्या लावणीला ठेवाव्यात, आतल्या बारीक बाजूला काढाव्यात. त्यांचे काम पुढे आहे. साल काढायची नाही. मुळाची चपटी बाजू खाली, टोक वर, आणि वर जेमतेम पाऊण इंच माती. दोन ओळींत सहा इंच आणि दोन पाकळ्यांत चार बोटे अंतर ठेवले म्हणजे एका वाफ्यात सुमारे चारशे पाकळ्या बसतात. त्यासाठी निवडून काढण्यासह अर्धा किलो बेणे पुरते. दोन बाया सकाळी न्याहारीपूर्वी बसल्या तर एक वाफा लावून होतो. कापणीच्या दिवसांतली ही एक सकाळ काढता आली, तर पुढे चार महिने लसूण फार छळत नाही.

प्रत्येक वाणाच्या कडेला वेगळी खूण रोवा. एकाला पळसाची काडी, दुसऱ्याला बांबूची. लक्षात राहील असे वाटते, पण राहत नाही.

लावणी झाली की पाणी द्या आणि कोंब वर आल्यावर ओळींमध्ये तणस अंथरा. हा खरा आपल्या मुलखाचा फायदा. धानाचे तणस घरोघर असते, त्याने ओल टिकते आणि निंदण अर्ध्यावर येते. लसणाची मुळे वरच्या वरच असतात, म्हणून खुरपे खोल घालू नये. पाणी आठ-दहा दिवसांनी, जमीन पाहून. युरिया द्यायचाच तर चिमटीने, आणि लावणीपासून दीड महिन्याच्या आत. त्यानंतर युरिया घातला की पात माजते आणि गड्ड्यातल्या पाकळ्यांना तिथेच कोंब फुटतात. असा गड्डा टिकत नाही. पाती वरून छान दिसाव्यात म्हणून उशिरा युरिया टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांना पोळ्याच्या सुमारास विचारा, लसूण किती उरला.

जानेवारीत पातीवर पांढुरके ठिपके दिसले आणि पात वाकडी होऊ लागली तर ते फुलकिडे. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून फवारावी, आठवड्याने पुन्हा एकदा. ढगाळ हवेत जांभळट लांबट चट्टे पडले तर तो करपा. अशी पाने काढून जाळावीत आणि वाफ्यात पाणी तुंबू देऊ नये.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून पात पिवळी पडू लागते आणि माना लवतात. काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडावे. लोभाने फार दिवस ठेवू नका, मातीतच गड्डा फुटतो आणि पाकळ्या सुट्या होतात. मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळीचाही नेम नसतो. ढग दिसले तर दोन दिवस आधी काढलेला बरा. पातीसकट उपटून दोन-तीन दिवस वाफ्यावरच, एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल असा पसरावा, मग सावलीत आठ-दहा दिवस वाळवावा. नंतर पातीची वेणी घालून किंवा वीस-पंचवीसच्या जुड्या बांधून हवेशीर जागी टांगाव्यात. चुलीच्या वरच्या आढ्याला जुड्या टांगायची जुनी रीत वेडेपणाची नव्हती. धुराने आणि उबेने लसूण कोरडा राहतो. गॅस आला, चूल गेली, आणि जुडी फडताळात बंद झाली. तेथे ती पावसाळ्यात दमटते आणि काळी पडते. पडवीत वाऱ्याला टांगा.

टांगण्याआधी बेणे वेगळे काढायचे. पातीत निरोगी, गड्ड्यात सारखे आणि घट्ट असे उत्तमोत्तम गड्डे प्रत्येक वाणाचे निवडा. दोन वाफ्यांना किलोभर बेणे लागते, वर थोडे खराबीसाठी धरा. घरात उलटे होते: चांगले खाऊन बारीक उरतात ते लावतात, आणि चार-पाच वर्षांत वाण बिघडला म्हणून ओरड. पाकळीवाटे विषाणूही पिढ्यान्पिढ्या उतरतात. पात पिवळ्या रेघांची, झाड खुरटे, असे दिसले तर तो गड्डा खा, लावू नका. बेण्याच्या जुडीला रंगीत दोरा बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की या जुडीला पाहुणे आले तरी हात लावायचा नाही. दसऱ्याला जुड्या खाली उतरवून पाहा: कोणत्या वाणाचे गड्डे भरलेले राहिले, कोणते पोकळ झाले. तुमच्या वाडीचा वाण कोणता, याचा निकाल त्या दिवशी लागतो.

आता त्या बाजूला काढलेल्या बारीक पाकळ्या. फुटका माठ, जुने घमेले, तेलाचा डबा, जे असेल त्याला तळाशी भोके पाडा, माती आणि खत भरा आणि त्या दाटीने टोचा. महिन्याभरात हिरवी पात हाताला येते. दोन बोटे ठेवून वरून कापली की पुन्हा फुटते. ही पात, भाजलेले जवस, सुकी मिरची आणि मीठ पाट्यावर वाटा. गरम भातावर घेताना वरून तेलाची धार सोडा, कापणीवरून आलेली माणसे दुसरी भाजी मागणार नाहीत.