गोवा जनमत कौल

गोवा जनमत कौल म्हणजे गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाचे भवितव्य ठरवण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी घेण्यात आलेले मतदान होय. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे की तो केंद्रशासित ठेवावा, हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. दमण व दीवच्या मतदारांपुढे गुजरातमधील विलीनीकरणाचा पर्याय होता. स्वरूपाने हे सार्वमतच होते.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज राजवट संपुष्टात आली. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या विधानसभा निवडणुकीनंतर विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. निवडणुकीतील विजय हीच विलीनीकरणास मिळालेली संमती होय, अशी विलीनीकरणवाद्यांची भूमिका होती. १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने मात्र असा मूलभूत निर्णय केवळ विधानसभेतील बहुमतावर न सोपवता जनतेकडून घ्यावा, अशी मागणी केली.

कायदेशीर आधार

भारतीय संविधानात सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नाही. अनुच्छेद ३ अन्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यामुळे या मतदानासाठी संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट लागू झाली.

प्रचार व निकाल

विलीनीकरणासाठी 'फूल' आणि विरोधासाठी 'दोन पाने' ही चिन्हे होती. मराठी व कोकणी यांचा संबंध हा वादाचा प्रमुख मुद्दा होता. तथापि विलीनीकरणविरोधी प्रचारात 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिकही आघाडीवर होते.

विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला आणि केंद्र सरकारने हा कौल मान्य केला.

महत्त्व व मर्यादा

मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा विजयी झाला. ज्या पक्षाची प्रमुख मागणी मतदारांनी नाकारली, त्याच्याच हाती त्यांनी दोन महिन्यांनी राज्यकारभार सोपवला. निवडणुकीत उमेदवार, पक्ष, सामाजिक हितसंबंध व कारभार यांचा एकत्रित विचार होतो. त्यामुळे तिच्या निकालावरून एखाद्या विशिष्ट प्रश्नावरील लोकमत निश्चितपणे सांगता येत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

त्याचबरोबर सार्वमताची मर्यादाही दिसून आली. मतदारांना दोनच पर्याय उपलब्ध होते. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. प्रश्न कोणता विचारायचा, हे संसदेने ठरवले होते. गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी, म्हणजे वीस वर्षांनंतर, संसदेच्या निर्णयाने मिळाला. दमण व दीव केंद्रशासितच राहिले.