हातगुणाचं गणित

कारखान्यांच्या कुळकथा : लेखांक ९

खटाव, माण, खानापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात सुट्टीवर आलेला, सोनं गाळणारा एखादा तरी गलाईवाला भेटतो. दुकान कुठंतरी दूर परमुलखात, घर इकडं. मुशीतलं सोनं नेमकं कधी उतरवायचं हे कसं कळतं, असं त्याला विचारून बघा. बघून बघून येतं, एवढंच तो सांगेल. हा हातगुण म्हणजे त्याचं भांडवल. पण धंद्याची वेसही तोच. तो एका पोराला देता येतो, चौघांना देता येतो. चारशे जणांना द्यायचा म्हटलं की अडतं.

गेल्या आठवड्यात आपण चष्म्याचं भिंग कसं घासतात ते पाहिलं. आज त्याच भिंगाच्या बळावर वाढलेल्या एका कारखान्याची गोष्ट. ती आपल्या वडूजपासून फार लांब, जर्मनीतल्या येना या विद्यापीठाच्या गावी घडते. पण तिची अडचण आपल्या गलाईवाल्याचीच आहे.

१७ नोव्हेंबर १८४६ रोजी तीस वर्षांच्या कार्ल झाइसनं तिथं एक छोटी कार्यशाळा उघडली. विद्यापीठाची उपकरणं दुरुस्त करायची, तराजू बनवायचे, चष्मे विकायचे. दुसऱ्या वर्षी साधे सूक्ष्मदर्शक सुरू झाले आणि १८५७मध्ये संयुक्त सूक्ष्मदर्शक आला. झाइस कडक माणूस. मापात न बसलेलं यंत्र तो स्वतः ऐरणीवर ठेवून हातोड्यानं फोडायचा, असं सांगतात. १८६६मध्ये कार्यशाळेतून हजारावा सूक्ष्मदर्शक बाहेर पडला.

नाव झालं होतं, पण झाइसला चैन नव्हतं. सूक्ष्मदर्शकाच्या टोकाच्या नळीत मसुराएवढी आणि त्याहूनही लहान भिंगं एकापुढं एक बसवलेली असतात. ती जुळवायची रीत सगळीकडं एकच: घास, बसव, बघ, नाही जमलं तर दुसरं घे. एखादा जोड अप्रतिम जमायचा, पण का जमला ते कारागिरालाही सांगता यायचं नाही आणि पुढचा तसा होईलच याचीही खात्री नसायची. झाइसचा पट्टशिष्य आउगुस्ट ल्योबर एक युक्ती वापरत असे. अचूक वक्रतेची नमुना काच घासलेल्या भिंगावर ठेवायची. डबक्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तशी रंगीत वर्तुळं उमटतात आणि ती वेडीवाकडी असली की घासणं चुकलंय हे कळतं. एका भिंगाची तपासणी त्यानं पक्की झाली. पण कुठलं भिंग कुठल्याशी जोडायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून १८६६मध्येच झाइसनं विद्यापीठातल्या एर्न्स्ट आबे या सव्वीस वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरलं. काम एवढंच, की भिंग घासण्याआधी कागदावर बसवून दाखवायचं.

पहिला प्रयत्न फसला. आबेनं गणितानं केलेली भिंगं दोषांच्या दृष्टीनं निर्मळ होती, पण त्यातून जुन्या भिंगांपेक्षा कमी दिसायचं. दोष टाळण्यासाठी त्यानं भिंगात शिरणारा प्रकाशाचा शंकू अरुंद ठेवला होता. तो याच्या मुळाशी गेला तेव्हा उलगडलं ते असं. वस्तूवरची नक्षी जितकी बारीक, तितका तिच्यातून गेलेला प्रकाश जास्त फाकतो. मळणीच्या वेळी ताडपत्री तोकडी पडली की लांब उडालेले दाणे बाहेर जातात, तसा हा फाकलेला प्रकाश अरुंद भिंगाच्या हाती लागत नाही, आणि त्याच्याबरोबर ती नक्षीही हरवते. म्हणजे नुसतं मोठं दाखवून भागत नाही, भिंगाची ओंजळ रुंद हवी.

१८७३मध्ये आबेनं ही मर्यादा जाहीर मांडली. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळचे दोन ठिपके असा सूक्ष्मदर्शक वेगळे दाखवू शकत नाही. ढोबळ मानानं हे अंतर मिलिमीटरचा पाचहजारावा भाग. तोवर, १८७२पासून, झाइसची सगळी वस्तुभिंगं, म्हणजे टोकाच्या नळीतली भिंगं, गणितावर बनू लागली होती. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला तो २४ मार्च १८८२ रोजी, झाइसच्या तेलात बुडवायच्या भिंगाच्या आणि आबेच्या प्रकाशयोजनेच्या मदतीनं.

आता अडलं ते काचेवर. गणित सांगे, अमुक गुणाची काच हवी. बाजारात मिळत त्या मोजक्या जाती, त्याही इंग्लंड-फ्रान्सच्या. भिंगाची काच खिडकीच्या काचेहून निराळी. पाण्यात गूळ विरघळताना ज्या शिरा दिसतात, तशी एकही शीर तिच्यात चालत नाही. म्हणून रस सतत ढवळायचा आणि नंतर अगदी सावकाश निवू द्यायचा. खिडक्यांची काच बनवणाऱ्या घरातला रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉट यानं १८७९मध्ये आबेला पत्र लिहिलं आणि सोबत लिथियम घातलेल्या काचेचा नमुना पाठवला. तो उपयोगी ठरला नाही. पण पत्रव्यवहार चालू राहिला. शॉट बोरॉन, फॉस्फरस घालून नवनव्या काचा वितळवत राहिला, येनाला राहायला आला आणि १८८४मध्ये तिथं काचेची प्रयोगशाळा निघाली. भागीदार होते शॉट, आबे, झाइस आणि झाइसचा मुलगा. १८८६मध्ये या काचांमुळं रंगाची किनार जवळपास नाहीशी करणारी भिंगं आली. त्याच वर्षी दहाहजारावा सूक्ष्मदर्शकही झाला. पहिल्या हजारांना वीस वर्षं लागली होती. पुढचे नऊ हजार तेवढ्याच काळात झाले.

१८८८मध्ये झाइस वारला. आबे आता धनी होता. आणि इथं त्यानं दुसरी गाठ सोडली. १८८९मध्ये त्यानं झाइसच्या नावानं प्रतिष्ठान काढलं आणि १८९१मध्ये स्वतःचा हिस्सा त्याला देऊन टाकला. खाजगी कारखान्याला एकटा मालक उरला नाही. १८९६च्या नियमावलीत पगारी रजा आली, निवृत्तिवेतन आलं, आणि वरिष्ठांचा पगार कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दहापटीवर जायचा नाही हेही आलं. १९००मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. आबेचा बाप आयझेनाखच्या सूतगिरणीत दिवसाला चौदा ते सोळा तास उभा राहायचा. लहानगा एर्न्स्ट त्याला जेवण पोचवायचा, आणि बाप यंत्राला टेकून उभ्यानंच ते संपवायचा.

मालकी सोडण्याची ही गोष्ट ऐकून आपल्याला औंध आठवावं. वडूजपासून जवळ, आपल्याच तालुक्यातलं. औंध संस्थानच्या आश्रयानं १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि त्याच संस्थानच्या राजानं १९३९मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. एकाच्या मुठीतलं सोडवण्याची ही दुसरी तऱ्हा.

मग हातगुण कागदावर उतरला की माणसाची गरज संपते का? येनाचंच पुढं काय झालं बघा. १९४५च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्यानं ते गाव रशियनांच्या हवाली करण्याआधी ऐंशीच्या आसपास जाणकार माणसं सोबत नेली. त्यांच्यातूनच पश्चिमेला ओबरकोखेन इथं दुसरा झाइस उभा राहिला. वर्षभरानं रशियनांनी बहुतेक यंत्रं उचलली, आणि शेकडो माणसंही. आराखडे होते, सूत्रं होती, यंत्रं होती, तरी दोघांनाही माणसं न्यावी लागली. आबेच्या गणितानं कारखाना वाढवला. पण बघून बघून येणारं काहीतरी शेवटपर्यंत कागदाबाहेरच राहिलं. गलाईवाला ते कधीचं सांगतोय.

(पुढच्या आठवड्यात : औंध संस्थानच्याच छायेत, कराडजवळ वितळलेली काच. ओगलेवाडी आणि प्रभाकर कंदील)