माथ्यावरची मोटार

वऱ्हाडात शंकरपट ठाऊक नसलेला माणूस विरळा. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट तर दूरवर प्रसिद्ध आहे. सरळ आखलेली वाट, एका टोकाशी उभी असलेली बैलजोडी आणि दुसऱ्या टोकाशी घड्याळावर खिळलेले डोळे! वळण नाही, वळसा नाही. ठरलेला पल्ला किती सेकंदांत तोडला, एवढाच काय तो प्रश्न. मोटारींचीही अशीच एक शर्यत असते. तीत उभी असलेली मोटार एकदम निघते आणि पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचा, सरळ पल्ला शक्य तितक्या लवकर संपवते. बैलजोडीला दम लागतो, तसा मोटारीलाही लागतो काय? लागतो, आणि तो डोंगरावर अधिक लागतो.

अकोला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे. तेथून परतवाड्याला जाऊन सातपुड्याचा घाट चढला म्हणजे चिखलदरा येते. त्याची उंची सुमारे ११०० मीटर. घाट चढताना इंजिन कण्हू लागते. त्याचे पुष्कळसे कारण चढ हेच असते, हे खरे. परंतु माथ्यावरच्या सपाट रस्त्यावरही मोटार खालच्यासारखी झेप घेत नाही. याचे कारण डोळ्यांना दिसत नाही, कारण ते हवेत आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते, असे सर्वजण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जाळण्यास जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. सिलिंडरातील दट्ट्या खाली सरकला की पोकळीत हवा ओढली जाते, तिच्यात पेट्रोलचे बारीक तुषार मिसळतात, ठिणगी पडते आणि स्फोटाच्या जोराने दट्ट्या ढकलला जातो. पोकळीचे आकारमान कधी बदलत नाही. म्हणून हवा विरळ असेल तर प्रत्येक घोटात प्राणवायू कमी येतो, पेट्रोलही कमी जळते आणि शक्ती घटते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हवा विरळ झाल्याचे कळत नसे. त्या पेट्रोल खालच्याच मापाने ओतत आणि माथ्यावर काळा धूर सोडत. आजच्या गाड्यांतील विजेची यंत्रणा हवा मोजून पेट्रोल देते. त्यामुळे धूर टळतो, पण गेलेली शक्ती काही परत येत नाही.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, हे सिद्ध व्हायला एक डोंगर चढावा लागला होता. फ्रान्समध्ये १६४८ साली पास्कल या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी प्वी द डोम या पर्वतावर नेली, तेव्हा माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरलेला आढळला. पारा नसला तरी हे चिखलदऱ्यास चुलीवरही कळते. तेथे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. म्हणून उघड्या भांड्यातील डाळ शिजायला अधिक वेळ घेते.

आता वेळेचा अंदाज कसा बांधावा, ते पाहू. समजा, अकोल्यातील एका मोटारीला जानेवारीतील थंड सकाळी हा पल्ला संपवण्यास १८ सेकंद लागतात आणि तिच्या इंजिनाची शक्ती ९० अश्वशक्ती आहे. मालकाने तिच्यात थोडीशी सुधारणा केली. हवेची गाळणी अधिक मोकळी घेतली, धूर बाहेर नेणारी नळी रुंद केली. शक्ती ९५ झाली. वेळ किती उतरेल?

येथे एक मौजेचा हिशेब आहे. वेळ निम्मी करायची असेल तर वेग दुप्पट हवा. वेग दुप्पट व्हायला ऊर्जा चौपट लागते. ती चौपट ऊर्जा निम्म्या वेळात पुरवायची, म्हणजे शक्ती आठपट हवी! शक्ती आठपट केली तेव्हा कुठे वेळ निम्मी झाली. याच नियमाने लहान फरकांच्या बाबतीत असे दिसते की, शक्ती शेकडा ३ ने बदलली तर वेळ शेकडा १ नेच बदलते. मालकाने शक्ती शेकडा साडेपाच वाढवली, म्हणून वेळ शेकडा पावणेदोनच्या सुमारास उतरेल: १८ सेकंदांचे १७.७ होतील. एवढ्या खटपटीचे फळ एका सेकंदाचा तिसरा हिस्सा!

हीच मोटार हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या पठारावर नेली असे समजू. तेथे रहदारी बंद केलेला सपाट रस्ता मिळाला, असेही समजू. कारण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे आणि कागदावरच्या मोटारीने कोणाला धक्का लागत नाही. अकोल्याच्या त्या थंड सकाळी एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. चिखलदऱ्यास १५ अंश तपमानात ते सुमारे १.०७ किलो भरते. हवा शेकडा साडेदहाने घटली, शक्तीही जवळजवळ तितकीच घटली. तिचा तिसरा हिस्सा साडेतीन. १७.७ सेकंदांत त्यांचे शेकडा साडेतीन मिळवले की १८.३ सेकंद होतात. मालकाने जे मिळवले होते त्याच्या दुप्पट डोंगराने काढून घेतले.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. हवा केवळ उंचीनेच विरळ होते असे नाही. ती तापली तरी पसरते आणि विरळ होते. मे महिन्यातील दुपारी अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, हे तेथील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. त्या वेळी तेथील एक घनमीटर हवेचे वजन किती भरते? १.०७ किलो! म्हणजे मोटारीच्या दृष्टीने मे महिन्यातले भर दुपारचे अकोला आणि हिवाळी पहाटेचे चिखलदरा यांची उंची एकच. घाट न चढताही ती डोंगरावर जाऊन पोहोचलेली असते. आणि मे महिन्यातच, ३७ अंश तपमानात, ती खरोखर चिखलदऱ्यास नेली तर? तेव्हा हवा जेमतेम १ किलो भरते आणि वेळ पावणेएकोणीस सेकंदांच्या घरात जाते. हा अंदाजच होय. टायरांची पकड, चालकाचा हात आणि विरळ हवेचा कमी झालेला विरोध यांनी त्यात थोडाफार फरक पडतो.

अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ सुमारे १७५० मीटर उंचीवर बँडिमिअर नावाची अशा शर्यतींची धावपट्टी १९५८ ते २०२३ पर्यंत चालू होती. तेथे सखल भागातल्या वेळा साधत नसत. म्हणून उंचावरील वेळा समुद्रसपाटीच्या हिशेबात बसवण्यासाठी गुणक ठरवलेले असत.

विरळ हवेवर एक उपाय मात्र सापडला. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबावी, ही कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. पुढे १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने एक विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पर्वतावर चढवून पाहिले. हे चक्र नसताना त्याची शक्ती सुमारे दोन-तृतीयांशच उरे. चक्र जोडताच ती पुन्हा भरून आली.

याच पाइक्स पीकवर चढण्याची शर्यत भरते. विजेच्या मोटारीला जाळायला हवाच लागत नाही, म्हणून उंचीवर तिची शक्ती घटत नाही. २०१८ मध्ये रोमँ द्युमा याने अशाच एका मोटारीतून तो सुमारे वीस किलोमीटरांचा चढ ७ मिनिटे ५७ सेकंदांत पार केला. आठ मिनिटांच्या आत तेथे त्यापूर्वी कोणीच पोहोचले नव्हते. आपल्या हिशेबातील मोटार विजेची असती, तर चिखलदऱ्यास तिला अकोल्यापेक्षा किंचित कमीच वेळ लागला असता. कारण विरळ हवा तिला अडवतेही कमी.