शून्य गेलं कुठे?

लेखमाला : यंत्राशी बोलणं – लेखांक ६

मागच्या आठवड्यात यूएसबीच्या तारेतून जाणारे आकडे यूएसबीमॉनने कसे टिपायचे ते पाहिलं. आज ते वाचायला बसू. नमुन्याला घेतलंय थ्रीडीकनेक्शन कंपनीचं स्पेसनेव्हिगेटर. दिसायला साधं: जड बुडावर बसवलेली एक टोपी, बाजूला दोन बटणं, कडेने निळा दिवा. टोपी ढकला, ओढा, उचला, दाबा, पिळा, कलवा. हलते जेमतेम मिलिमीटरभर, पण तेवढ्यात सहा वेगवेगळ्या हालचाली ओळखते. तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. उजव्या हातात माउस आणि डावा हात या टोपीवर, अशी त्रिमितीय काम करणाऱ्यांची बैठक असते.

हिचं घराणं थोर आहे. १९९३ साली कोलंबिया यानातून रोटेक्स नावाचा जर्मन यंत्रहात अंतराळात गेला. जमिनीवरून तो हलवायला जर्मन अंतराळ संस्थेने, म्हणजे डीएलआरने, असाच हातात धरायचा सहा अक्षांचा गोळा वापरला होता. आज टेबलावर दिसणारा स्पेसमाउस, म्हणजे या टोपीचीच जात, त्याच संशोधनातून आला.

लिनक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर होता, नाही असं नाही. पण बंदिस्त. आत काय चाललंय ते पाहायची सोय नाही, बिघडला तर आपल्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून जॉन त्सिओम्बिकास या प्रोग्रॅमरने स्पेसनेव्हडी हा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. यातली हुशारी मला फार आवडते: कंपनीचा ड्रायव्हर इतर प्रोग्रॅमशी ज्या पद्धतीने बोलायचा, अगदी त्याच पद्धतीने हाही बोलतो. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमना पलीकडचा माणूस बदलल्याचा पत्ताच लागत नाही. ब्लेंडर आणि फ्रीकॅड हे त्रिमितीय प्रोग्रॅम त्याच्याशी थेट, त्याच्या लायब्ररीतून बोलतात.

आता आकडे. टोपी एका बाजूला ढकलली की सात बाइट येतात: ०१ २० ०१ ०० ०० ०० ००. पहिला बाइट रिपोर्टचा क्रमांक. १ म्हणजे सरकणं, २ म्हणजे फिरणं, ३ म्हणजे बटणं. पुढे दोन-दोन बाइटचे तीन आकडे, धाकटा बाइट आधी. २० आणि ०१ हे सोळाच्या पायावरचे अंक आहेत, म्हणून एक गुणिले २५६ अधिक ३२, म्हणजे २८८. पूर्ण जोर लावला तरी आकडा साधारण ३५० च्या पुढे जात नाही. उलट्या दिशेला तेवढाच उणे. एका वेळी एकच हालचाल करायची, आकडा लिहून ठेवायचा, मग दुसरी. सगळ्या एकदम केल्या तर कुठला आकडा कुणाचा तेच कळत नाही.

इथवर कागदी काम. खरी गंमत पुढे आहे.

प्रत्येक एचआयडी डिव्हाइस, म्हणजे माउस-कीबोर्डसारखं माणसाच्या हाताने चालणारं उपकरण, जोडल्या जोडल्या संगणकाला स्वतःची माहिती देतं: माझ्याकडे इतके अक्ष, इतकी बटणं, आकडे असे वाचा. याला रिपोर्ट डिस्क्रिप्टर म्हणतात. स्पेसनेव्हिगेटरच्या डिस्क्रिप्टरमध्ये अक्षांच्या जागी दोनदा ८१ ०६ ही जोडी येते. त्यातल्या ०६ चा अर्थ, हे आकडे सापेक्ष आहेत, म्हणजे मागच्या वेळेपासून किती हललो ते सांगतात. माउस असाच बोलतो. पण टोपी तशी नाही. ती आत्ता मधल्या जागेपासून किती ढकललेली आहे तेच सांगते. डिव्हाइस स्वतःबद्दल चक्क चुकीचं सांगतंय!

फरक पुस्तकी वाटेल, म्हणून धरमतरला चला. जेट्टीवर अंबा नदीतून कोळशाचे, लोहखनिजाचे बार्ज लागतात. ते रिकामे करणाऱ्या क्रेनच्या केबिनमधला दांडा असाच असतो. दांडा जितका झुकवाल तितका वेग. हात सोडला की दांडा मधे येतो आणि क्रेन थांबते. म्हणजे ‘मी मधे आलोय’ हा निरोप सगळ्यात महत्त्वाचा. तो वाटेत गहाळ झाला तर?

लिनक्समध्ये नेमकं तेच होतं. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, इनपुट विभाग सापेक्ष अक्षावरचं शून्य पुढे पाठवतच नाही. माउस शून्य हलला असेल तर कळवायचं काय? विचार बरोबर आहे, पण माउसपुरता. इथे हात काढल्यावर टोपीने प्रामाणिकपणे पाठवलेलं शून्य मधेच गळतं आणि प्रोग्रॅमकडे आधीचा आकडा तसाच राहतो. समजा पेणचा एखादा मूर्तिकार साच्याआधी ब्लेंडरमध्ये गणपती घडवतोय. त्याने हात काढून चहाचा कप उचलला, तरी पडद्यावरचा गणपती आपला सावकाश फिरतोच आहे.

यावरचा कर्नलमधला इलाज इवलासा आहे. तो आहे लॉजिटेकसाठीच्या एचआयडी-एलजी ड्रायव्हरमध्ये, कारण स्पेसनेव्हिगेटरची यूएसबी ओळख लॉजिटेकची आहे. डिस्क्रिप्टर आला की ३२, ३३, ४९ आणि ५० या जागा तपासायच्या. तिथे ८१ ०६, ८१ ०६ असेल तर दोन्ही ०६ चे ०२ करायचे. ०२ म्हणजे निरपेक्ष. पुढचं सगळं कर्नल बिनबोभाट करतो. आधी तपासणी आणि मग बदल हा क्रम मात्र मोडायचा नाही, कारण उद्या कंपनीने डिस्क्रिप्टर सुधारला तर आपला इलाजच दुखणं व्हायचा.

निरपेक्ष केल्यावर दुसरी बाजू समोर येते. निरपेक्ष अक्षावर तोच आकडा पुन्हा आला तर कर्नल तो गाळतो. टोपी एका जागी स्थिर दाबून धरली की नवीन काही येतच नाही, आणि दर वेळच्या निरोपावर चालणारा प्रोग्रॅम थबकतो. म्हणून स्पेसनेव्हडीच्या सेटिंगमध्ये ठरावीक मिलिसेकंदांनी जुनाच आकडा पुन्हा पाठवण्याची सोय आहे. शिवाय डेड झोन: अमुक आकड्याच्या आतली थरथर शून्य धरायची.

नवशिक्यांना माझं सांगणं, कर्नलमध्ये लगेच हात घालू नका. तिथे एक चूक झाली की अख्खं मशीन आडवं होतं. बाहेरून एचआयडीरॉमधून, म्हणजे डिव्हाइसचे रिपोर्ट जसेच्या तसे देणाऱ्या कर्नलच्या खिडकीतून, वाचून काम भागत असेल तर भागवावं. डिस्क्रिप्टरच दुरुस्त करायचा असेल, तर २०२३ मध्ये आलेल्या ६.३ कर्नलपासून एचआयडी-बीपीएफ हा मधला मार्ग आहे: छोटासा तुकडा बाहेरून चढवायचा, कर्नलचा ड्रायव्हर नव्याने लिहायचा नाही.

‘हे कायद्यात बसतं का?’ असं बरेच वाचक विचारतात. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढायला मोकळीक देतं. तारेतले आकडे बघणं वेगळं आणि कंपनीचा कोड उचलून चिकटवणं वेगळं. पहिलं करा, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

पुढच्या लेखांकात उलटा प्रवास, संगणकाकडून टोपीकडे. निळा दिवा लावायला चौथ्या क्रमांकाचा रिपोर्ट आपणच पाठवायचा असतो. तोवर घरातलं कुठलंही गेमपॅड जोडून ईव्हीटेस्ट हा इनपुटचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम चालवा, आणि काडी सोडल्यावर आकडा खरोखर मधे येतो का ते बघून ठेवा.