आठ भागांचा सिनेटर

अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर १९७०-७१च्या हंगामात ‘द बोल्ड वन्स’ या एका शीर्षकाखाली तीन मालिका आळीपाळीने लागत. एक डॉक्टरांची, दुसरी वकिलांची आणि तिसरी ‘द सिनेटर’. या तिसरीत हॅल होलब्रुक यांनी हेज स्टो हा तत्त्वनिष्ठ सिनेटर उभा केला. मार्च १९७० मधल्या तिच्या प्रास्ताविक चित्रपटाचा विषय हवेचे प्रदूषण हा होता. पहिला वसुंधरा दिन तेव्हा महिनाभर दूर होता. पुढे आठच भाग झाले आणि मालिका आटोपली. सज्जन पुढारी लोकांना पडद्यावर पटत नाही, हा यावरचा तयार निष्कर्ष. पण त्याच हंगामात अमेरिकेत सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका होती ‘मार्कस वेल्बी, एम.डी.’, आणि तिचा नायक डॉक्टर स्टोइतकाच सज्जन! म्हणजे प्रेक्षकांना सज्जनपणाचे वावडे नव्हते. अडचण आमदार-खासदाराच्या कामातच आहे. रोगी तासाभरात बरा करता येतो, खटल्याचा निकालही लावता येतो. विधेयक मात्र समितीत जाते, दुरुस्त्यांनी झिजते आणि पुढच्या अधिवेशनावर ढकलले जाते.

मालिकेचा सर्वांत धाडसी भाग हेच दाखवतो. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार आणि नऊ जखमी झाले. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, तशाच घटनेच्या चौकशीवरची दोन भागांची कथा ‘द सिनेटर’ने दाखवली. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत आणि स्टोचे शस्त्र एकच, प्रश्न विचारणे. प्रत्यक्षातही राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, तरी १९७४ मध्ये न्यायालयाने आठ जवानांवरचे आरोप फेटाळले. अशा विषयाला समाधानकारक शेवट जोडणे हीच लबाडी ठरली असती.

यावर ‘द वेस्ट विंग’चे उदाहरण कोणीही पुढे करील. ती १९९९ ते २००६ अशी सात हंगाम चालली. पण तिच्या केंद्रस्थानी राष्ट्राध्यक्ष आहे. तो हुकूम देऊ शकतो, शिवाय तिची कथानके अनेक आठवडे रेंगाळू शकत होती. स्टोला ना तो अधिकार होता, ना तेवढी सवड. राज्य विधिमंडळातल्या आमदारावरची ‘स्लॅटरीज पीपल’ १९६४-६५ मध्ये सीबीएसवर आली आणि तीही दुसऱ्या हंगामात बंद पडली. प्रेक्षकसंख्या कमी होती हा आक्षेप खरा आहे. मात्र आळीपाळीने दर्शन देणाऱ्या नायकाची सवय प्रेक्षकांना लागावी तरी कशी, हेही वाहिनीला विचारायला हवे. दर्जाचा प्रश्न तर नव्हताच. १९७१ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेची एमी ‘द सिनेटर’ला मिळाली, होलब्रुक यांना अभिनयाची मिळाली, लेखन-दिग्दर्शनाच्याही मिळाल्या. दुसरा हंगाम मात्र मिळाला नाही. तिच्या जोडीची डॉक्टरांची मालिका १९७३ पर्यंत चालू राहिली.