विश्लेषण : गायतोंडेंचे चित्र पत्र्यावर? कोकणातल्या दमट घरात ‘मेटल प्रिंट’ कितपत योग्य?

मालवण तालुक्यातील धामापूर म्हटले की ऐतिहासिक तलाव, भगवती मंदिर आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस आठवतो. अशा गावात भिंतीवर चित्र टिकवणे सोपे नसते. कागदावर बुरशीचे ठिपके येतात, मागचा प्लाय फुगतो, लाकडी चौकटीला वाळवी लागते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली चित्रे, म्हणजेच ‘मेटल प्रिंट’, हा पर्याय घरमालकांना आणि होमस्टेचालकांना आकर्षक वाटतो. दिवाणखान्यासाठी अनेकदा अमूर्त चित्रांची निवड होते. मात्र पत्रा टिकला म्हणजे चित्र टिकले असे होते का? आणि ते छापण्याचा हक्क कोणाकडे असतो?

मेटल प्रिंट कशी तयार होते?

खऱ्या मेटल प्रिंटमध्ये शाई पत्र्यावर थेट बसत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर आधी पॉलिस्टरचा विशेष थर दिलेला असतो. चित्र उलट्या प्रतिमेत ट्रान्सफर पेपरवर छापतात. तो कागद पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला दाबतात. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती त्या थरात मुरते. या पद्धतीला डाय-सब्लिमेशन म्हणतात. रंग थराच्या आत असल्याने ओल्या फडक्याने पुसले तरी जात नाही.

बाजारात दोन स्वस्त प्रकारही ‘मेटल प्रिंट’ याच नावाने मिळतात. एकात दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात त्या एसीपी शीटवर यूव्ही शाईने थेट छपाई केलेली असते. दुसऱ्यात छापलेले व्हिनाइल स्टिकर पत्र्यावर चिकटवलेले असते. दमट हवेत स्टिकरच्या कडा सुटण्याची शक्यता असते. त्यामुळे ‘छपाई सब्लिमेशनची आहे का?’ हा पहिला प्रश्न विचारावा.

कोकणच्या हवेत ती टिकते का?

अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. वाळवी लागत नाही आणि पत्रा ओलीने फुगतही नाही. पण कापलेल्या कडांवर संरक्षक थर नसतो. खाऱ्या वाऱ्यातील क्षार तिथे बसले की पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे पडतात. किनाऱ्यालगतच्या घरांत हा धोका जास्त असतो. धामापूरसारख्या आतल्या गावात भिंतीतील ओल ही मोठी अडचण ठरते.

अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी किंवा पितळी स्क्रू टेकला आणि मध्ये खारे पाणी आले, तर अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते. त्यामुळे मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. ओला सिमेंट गिलावाही अ‍ॅल्युमिनियमला घातक असतो. म्हणून नवा गिलावा पूर्ण सुकू द्यावा आणि चिऱ्याची भिंत असो वा विटांची, पत्रा थोडा पुढे ठेवून मागे हवा खेळू द्यावी. सब्लिमेशनचे रंग थेट उन्हात फिके होतात. पडवीपेक्षा आतली, सावलीची भिंत बरी.

अमूर्त चित्र पत्र्यावर कसे दिसते?

इथे वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मूळचे गोव्याच्या कुटुंबातले गायतोंडे १९२४ मध्ये नागपूरला जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. १९६४ मध्ये ते फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. त्या काळी हे शहर पोलॉक, रॉथको यांच्या अमूर्त अभिव्यक्तिवादाचे केंद्र होते. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत. त्यांच्या चित्रातला उजेड या थरांतून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे १९७० चे एक चित्र लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना विकले गेले.

मेटल प्रिंटमध्ये हे सगळे थर एकाच सपाट पातळीवर येतात. चकचकीत पत्र्यावर खिडकी, ट्यूबलाइट आणि पाहणाऱ्याचा चेहराही उमटतो. शांत रंगांच्या चित्रासाठी मॅट फिनिश आणि पांढरा बेस घ्यावा. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. बेस पारदर्शक असेल, तर चित्रातल्या पांढऱ्या जागी धातूच चमकतो.

मोबाइलवरचा फोटो चालेल?

सहसा नाही. २४ बाय ३६ इंचांच्या प्रिंटसाठी इंचाला किमान १५० पिक्सेल धरले, तरी ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० पिक्सेल लांबीचा फोटो ३६ इंचांवर ताणला, तर इंचाला जेमतेम ४४ पिक्सेल उरतात. जवळून पाहिल्यास ब्रशचा फटकारा धुरकट दिसणारच.

कायदा काय सांगतो?

भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले. त्यामुळे त्यांच्या चित्रांचे हक्क २०६१ अखेरपर्यंत कायम आहेत. प्रभाकर बरवे (निधन १९९५) यांचे २०५५ पर्यंत, तर सय्यद हैदर रझा (निधन २०१६) यांचे २०७६ पर्यंत. रॉथको १९७० मध्ये गेल्याने त्यांच्या चित्रांसाठी ही मुदत २०३० अखेर संपेल. १९५६ मध्ये निधन झालेल्या पोलॉकची मुदत भारतात २०१६ अखेर संपली आहे.

मूळ चित्र विकत घेतले, तरी त्याच्या प्रती छापून विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. इंटरनेटवर फोटो सापडला, म्हणजे छापायची परवानगी मिळाली असे नाही.

मग घ्यावे काय?

हक्क घेऊन छापलेली प्रिंट असेल तर विक्रेत्याकडे परवानगीचा कागद मागावा. दुसरा मार्ग अधिक सोपा आहे. सिंधुदुर्ग, गोवा, कोल्हापूर इथल्या हयात चित्रकाराकडून मूळ चित्राची उत्तम फाइल आणि मर्यादित प्रतींचा लेखी परवाना घ्यावा. त्यात पैसे चित्रकारापर्यंत पोहोचतात आणि भिंतीवर कोणाचे चित्र आहे हे पाहुण्यांना अभिमानाने सांगता येते. गायतोंडे मात्र एकदा तरी प्रत्यक्ष पाहावेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रे आहेत. जाण्यापूर्वी ती प्रदर्शनात मांडली आहेत का, याची चौकशी करावी.